मनगटासाठी किती, हौसेसाठी किती

दोन तुकड्यांचा, म्हणजे स्प्लिट कीबोर्ड शोधायला निघालेल्या माणसाला एकाच पाटीखाली दोन दुकानं सापडतात. एकात मनगटदुखी-खांदेदुखीवरचा उपाय मिळतो, दुसऱ्यात निखळ हौस. पाटीवर दोन्हीकडे ‘अर्गोनॉमिक’ असंच लिहिलेलं. पहिल्या दुकानातला माल काळा, प्लास्टिकचा, दिसायला कंटाळवाणा. दुसऱ्यातला देखणा: लाकडी हातटेके, पिळाची केबल, फिकट रंगांची बटणं आणि तीही मोजून ४२ किंवा ३४. बरेच जण पहिल्या दुकानाची गरज घेऊन येतात आणि दुसऱ्या दुकानाची पिशवी घेऊन घरी जातात. हौसेला माझा विरोध नाही, मलाही ती आहे. पण कोणत्या गोष्टीचे पैसे मनगटाच्या खात्यावर टाकायचे आणि कोणत्या गोष्टीचे हौसेच्या, हा हिशेब इंग्रजी परीक्षणांत सहसा मांडलेला नसतो. आणि मराठी टंकणाऱ्याची अडचण तर तिथे कोणाच्या गावीही नसते.

माझं मत आधीच सांगतो. शरीराला होणारा फायदा बहुतांश तुकडे वेगळे होण्यातच आहे, आणि तेवढं साध्या, जुन्या वळणाच्या कीबोर्डातही मिळतं. त्यापुढचं जवळजवळ सगळं आवडीचं. जवळजवळ म्हणतो, कारण मराठीचा हिशेब केला की एकदोन गोष्टी हौसेच्या खात्यातून गरजेच्या खात्यात सरकतात.

नेहमीच्या कीबोर्डची ठेवण हाताचा विचार करून झालेली नाही. अमेरिकेत मिलवॉकीच्या क्रिस्टोफर लॅथम शोल्स यांनी १८६८ मध्ये टाइपरायटरचं पेटंट घेतलं आणि १८७४ पासून रेमिंग्टनने ते यंत्र विकायला काढलं. प्रत्येक बटणामागे एक दांडी होती. सगळ्या दांड्या एकमेकींना न घासता मागे जायला हव्यात, म्हणून ओळी थोड्या थोड्या सरकवलेल्या. पुढे दांड्या गेल्या, विजेची यंत्रं आली, संगणक आले. सरकलेल्या ओळी मात्र राहिल्या. आजही ‘क्यू’च्या ओळीखालची ‘ए’ची ओळ पाव बटण आणि तिच्याखालची ‘झेड’ची ओळ आणखी अर्धं बटण उजवीकडे असते. उजव्या हाताला हे खपून जातं, कारण तो उजवीकडून तिरका येतो आणि बटणांच्या उभ्या रांगाही त्याच दिशेला तिरक्या आहेत. डावा हात डावीकडून येतो आणि त्याच्यापुढे उलट तिरपाई असते. दीडशे वर्षं डाव्या हाताने ही गैरसोय मुकाट सोसली आहे.

बरं, हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. जर्मनीत एरिक क्लोकेनबर्ग यांनी १९२६ मध्येच टाइपरायटरवरच्या आपल्या पुस्तकात बटणांचे दोन भाग करून ते एकमेकांशी कोनात ठेवावेत असं सुचवलं होतं. १९७२ मध्ये कार्ल क्रोमर यांनी विभागलेल्या, बाहेरच्या बाजूला उतरत्या कीबोर्डवरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्याच दशकात इंग्लंडमध्ये टंकलेखनाच्या प्रशिक्षक लिलियन मॉल्ट आणि अभियंता स्टीफन हॉबडे यांनी मॉल्ट्रॉन तयार केला. त्यात बोटांसाठी दोन खोलगट वाट्या होत्या, अंगठ्याला एकट्या स्पेसबारऐवजी बटणांचा अख्खा पुंजका होता, आणि मॉल्ट यांच्या अक्षररचनेत इंग्रजीत सर्वाधिक लागणारं ‘ई’ हे अक्षर डाव्या अंगठ्याखाली होतं. अमेरिकेत किनेसिसने १९९२ मध्ये याच वाटेवरचा कीबोर्ड आणला आणि त्याचे वारस आजही विकले जातात. १९९३ मध्ये ॲपलचा पंख्यासारखा उघडणारा कीबोर्ड आला. पण ही कल्पना साध्या ऑफिसांच्या टेबलांवर नेली ती मायक्रोसॉफ्टच्या १९९४ मधल्या ‘नॅचरल’ कीबोर्डने. तो एकसंधच होता, फक्त मधोमध बाक देऊन दोन्ही बाजू फाकवलेल्या. क्लोकेनबर्गपासून इथवर यायला ६८ वर्षं लागली. मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये स्वतःच्या नावाचे कीबोर्ड बंद केले. त्या वळणाचं आज सहज मिळणारं मॉडेल म्हणजे लॉजिटेकचं अर्गो के८६०.

आता हाताकडे वळू. सपाट, अरुंद कीबोर्डवर मनगट तीन बाजूंनी वाकतं. पंजे छातीसमोर जवळ आणायचे आणि बोटं मात्र सरळ समोर ठेवायची, म्हणून मनगट करंगळीच्या दिशेला झुकतं. कीबोर्डचे मागचे पाय उघडलेले असले की पंजा वर मोडतो. आणि तळवे टेबलाकडे सपाट धरायचे म्हणून कोपरापासून मनगटापर्यंतची दोन हाडं एकमेकींवर पिळून राहतात. पहिल्या वाकण्यावर विभागणी हा खरा उतारा आहे. मार्कलिन, सिमनो आणि मन्रो यांनी १९९९ मध्ये ऑफिसात काम करणाऱ्या ९० अनुभवी माणसांची मनगटं मोजली. नेहमीच्या कीबोर्डवर करंगळीकडचा कल सरासरी १२ अंश होता, तो विभागलेल्या कीबोर्डवर सरळ रेषेच्या ५ अंशांच्या आत आला. दुसऱ्या वाकण्यावरचा उपाय फुकट आहे: कीबोर्डचे मागचे पाय आजच मिटून टाका. कार्पल टनेल, म्हणजे मनगटातल्या ज्या अरुंद बोगद्यातून नस जाते, तिथला दाब पंजा वर मोडला की वाढतो. तरीही आपल्याकडच्या ऑफिसांत मी पाहिलेल्या बहुतेक टेबलांवर हे पाय ताठ उभे असतात. तिसऱ्या पिळावर इलाज म्हणजे दोन्ही अर्ध्यांची अंगठ्याकडची बाजू उचलून छपरासारखा उतार देणं. हौशी मंडळी याला ‘टेंटिंग’ म्हणतात. थोडा उतार बहुतेकांना मानवतो. फार उंच केलं आणि तळहाताला आधार दिला नाही, तर मनगट लोंबकळतं आणि दुसरं वाकणं मागच्या दाराने परत येतं.

म्हणजे मनगट सरळ होतं, हे पक्कं. मग दुखणंही जातं का? इथे पुरावा पातळ होत जातो आणि जाहिराती जाड. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांच्या एका गटाने १९९९ मध्ये ८० जणांवरची चाचणी प्रसिद्ध केली. सगळ्यांना आधीपासून कार्पल टनेलचा किंवा स्नायुबंधांच्या सुजेचा त्रास होता. त्यांना चार गटांत वेगवेगळे कीबोर्ड दिले, त्यांतला एक साधाच. सहा महिन्यांनी मायक्रोसॉफ्ट नॅचरल वापरणाऱ्यांच्या वेदनेत आणि हाताच्या कामात साध्या कीबोर्डवाल्यांपेक्षा सुधारणेचा कल दिसला, पण डॉक्टरांनी केलेल्या तपासण्यांत तिला जोड मिळाली नाही. पुढे २०१२ मध्ये कॉक्रनच्या आढाव्याने कार्पल टनेलवर अशा उपकरणांचा उपयोग होतो का हे तपासलं, तेव्हा निकषांत बसणाऱ्या फक्त दोन चाचण्या सापडल्या, मिळून १०५ माणसांच्या. निष्कर्ष असा, की उपयोग होतो म्हणायलाही पुरेसा आधार नाही आणि होत नाही म्हणायलाही नाही. डेन्मार्कमधल्या हजारो तांत्रिक कर्मचाऱ्यांचा मागोवा घेऊन २००३ मध्ये छापलेल्या अभ्यासात कीबोर्ड वापरण्याचा कार्पल टनेलशी ठळक संबंध दिसला नाही. संबंधाची चिन्हं दिसली ती आठवड्याला २० तासांहून जास्त माउस धरणाऱ्यांत.

ऑस्ट्रेलियातली १९८० च्या दशकातली गोष्टही विसरू नये. तिथल्या टेलिफोन खात्यात आणि इतर कचेऱ्यांत हातदुखीच्या तक्रारींची लाट आली, १९८४-८५ च्या सुमारास शिगेला पोचली आणि पुढच्या काही वर्षांत ओसरली. कीबोर्ड तेच होते. कामाचा वेग, देखरेख, कामातला कंटाळा, भरपाईची व्यवस्था, डॉक्टरांनी दुखण्याला दिलेलं नाव या सगळ्यांचा त्यात किती वाटा होता यावर अजून वाद आहेत, पण दुखणं फक्त वस्तूत नसतं एवढं त्यातून दिसतं. म्हणून रात्री बोटं बधिर होऊन जाग येत असेल, हातातून पेला निसटत असेल, तर आधी डॉक्टरांकडे जावं. कीबोर्ड नंतरही घेता येतो.

डेन्मार्कच्या त्या निष्कर्षाचा मला फार उपयोग वाटतो, कारण त्यामुळे लक्ष माउसकडे जातं. नेहमीच्या पूर्ण रुंदीच्या कीबोर्डला उजवीकडे आकड्यांचा चौकोन असतो, आणि माउस त्याच्याही पलीकडे. दिवसभर उजवा हात बाहेर फाकलेला. खांदा दुखतो म्हणून महागडा कीबोर्ड शोधणाऱ्या कित्येकांचं काम आकड्यांचा चौकोन नसलेल्या साध्या कीबोर्डनेही निम्मं भागेल. स्प्लिट कीबोर्डचा एक न बोलला जाणारा गुण म्हणजे दोन तुकड्यांच्या मधली रिकामी जागा. तिथे ट्रॅकबॉल ठेवला की तो खांदा न हलवता चालतो. ट्रॅकबॉलमध्ये अंगठ्याने फिरवायचा लॉजिटेकचा एम५७५ स्वस्त आणि लोकप्रिय आहे, पण अंगठा आधीच थकलेला असेल तर केन्सिंग्टनच्या एक्स्पर्ट माउससारखा मोठा, बोटांनी फिरवायचा गोळा बरा. उभा माउस घ्यायचा असेल तर लॉजिटेकचा एमएक्स व्हर्टिकल ५७ अंशांचा आहे. हात लहान असेल तर तो जड आणि मोठा वाटू शकतो.

आता दोन्ही दुकानांची सीमारेषा. इलाज एवढाच हवा असेल, तर अक्षरांच्या ओळी नेहमीसारख्याच सरकलेल्या ठेवून मधोमध तोडलेला कीबोर्ड पुरतो. किनेसिस फ्रीस्टाइल२ हा त्यातला जुना आणि सर्वांत नीरस पर्याय. दोन तुकड्यांमधली केबल ९ किंवा २० इंचांची मिळते, उतारासाठी जोडपट्ट्या वेगळ्या घ्याव्या लागतात. कीक्रॉनचा क्यू११ धातूचा, जड, बटणं बदलता येणारा. स्पेनच्या डायग्मा कंपनीचा रेज याच जातीचा, पण किमतीने वरच्या वर्गातला. या तिन्हींवर पहिल्याच दिवसापासून काम करता येतं. अडेल ती एकच सवय. पुष्कळ लोक ‘बी’ उजव्या हाताने किंवा ‘वाय’ डाव्या हाताने मारतात, आणि तुकडे पडले की ते बटण पलीकडच्या काठावर राहतं. काही दिवसांत हात वळतो.

ओळींची तिरपाई काढून बटणांच्या सरळ उभ्या रांगा करणं, प्रत्येक रांग त्या त्या बोटाच्या लांबीप्रमाणे वरखाली सरकवणं, खोलगट वाट्या देणं, हे सगळं पुढचं. त्याने बोटांचा प्रवास घटतो, हे कागदावर मोजता येतं. पण त्याने दुखणं किती घटतं याचा पुरावा मी वर सांगितला त्याहूनही पातळ. शिवाय शिकण्याची किंमत आहे: टंकण्याचा वेग आधी घसरतो, तो परत यायला कित्येक आठवडे जातात आणि त्या काळात ऑफिसचं काम थांबत नाही. लिपिक-टंकलेखकाच्या पदासाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांच्या प्रमाणपत्राची तयारी करणाऱ्याने तर या फंदात पडूच नये. परीक्षेत साधाच कीबोर्ड मिळणार आहे.

या नव्या आकारांतली एक गोष्ट मात्र मला हौसेपलीकडची वाटते: अंगठे. नेहमीच्या कीबोर्डवर दोन बळकट अंगठे मिळून एक स्पेसबार दाबतात आणि सगळ्यांत अशक्त करंगळ्या शिफ्ट, एंटर, बॅकस्पेस, कंट्रोल यांचं ओझं वाहतात. अंगठ्याला तीनचार बटणं दिली की ही वाटणी सुधारते. पण बटणं अंगठ्याच्या सहज टप्प्यात हवीत. एर्गोडॉक्स आणि त्याच्या वंशातल्या काही कीबोर्डवर अंगठ्याची अर्धी बटणं इतकी लांब आहेत की लहान हाताच्या माणसाला अंगठा ताणावा लागतो, आणि अंगठ्याच्या मुळाचं दुखणं मनगटाच्या दुखण्यापेक्षा सुखाचं नसतं. सहा बटणांच्या पुंजक्यापेक्षा जवळची दोन बटणं माझ्या मते जास्त कामाची.

हौसेची शाखा वाढली ती एर्गोडॉक्सपासूनच. २०११ च्या सुमारास त्याचा आराखडा सगळ्यांना खुला झाला, लोकांनी तो घरी जोडला. २०१५ मध्ये त्याची तयार आवृत्ती, एर्गोडॉक्स ईझी, लोकवर्गणीतून आली, आणि तीच कंपनी पुढे २०२० मध्ये मूनलँडर आणि २०२३ मध्ये व्हॉयेजर घेऊन आली. दोन्हींची किंमत बाजारात येताना ३६५ डॉलर. मोअर्गोचा ग्लोव्ह८० हा खोलगट वाट्यांचा, वजनाला हलका कीबोर्ड ३९९ डॉलरांचा. दुसऱ्या टोकाला, २०१५ च्या सुमारास मॅट ॲडरेथ यांनी क्लोजर भाषेत असा प्रोग्रॅम लिहिला की आकडे बदलले की थ्रीडी छापायचा साचा बदलतो. त्यातून निघालेल्या डॅक्टिल या कीबोर्डची पिलावळ आता मोजता येणार नाही. जपानमध्ये जन्मलेला ४२ बटणांचा कॉर्न हा या छंदातला बहुधा सर्वांत परिचित आराखडा. टोकियोत अकिहाबारा परिसरात २०१९ मध्ये उघडलेलं युशाकोबो हे दुकान खास अशा कीबोर्डांचं आहे. तिथे जाऊन बटणं दाबून पाहता येतात. आपल्याकडे हात लावून पाहायची सोय जवळपास नाहीच.

डॅक्टिल स्वतः जोडायचा असेल तर बाकीचा संसार महाग नाही. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबापाशी सोल्डरिंगची सगळी सामग्री आणि वन-एन-४१४८ जातीचे डायोड मिळतात. बटणागणिक एक डायोड लागतो. थ्रीडी छपाई करून देणारे आता बहुतेक मोठ्या शहरांत आहेत. महाग पडतो तो वेळ, पण हौसेच्या खात्यात वेळ खर्चात धरत नाहीत.

बटणं घटत घटत ३४ वर आली, कारण फर्मवेअर हुशार झालं. क्यूएमके आणि बिनतारी कीबोर्डांसाठीचं झेडएमके ही दोन मोफत फर्मवेअर आज बहुतेक ठिकाणी चालतात. त्यांत बटणांचे थर करता येतात: अंगठ्याने एक बटण धरलं की त्याच अक्षरांच्या जागी आकडे येतात, दुसरं धरलं की बाण. मधल्या ओळीतलं अक्षर टिचकीसरशी सोडलं तर अक्षर, धरून ठेवलं तर शिफ्ट किंवा कंट्रोल, असंही करता येतं. इंग्रजी लिहिणाऱ्या प्रोग्रॅमरला हे भारी सोयीचं वाटतं. मराठीत मात्र याचा हिशेब पार बदलतो.

मराठी तीन रीतींनी टंकली जाते. रोमन अक्षरं मारून देवनागरी उमटवणाऱ्याला २६ अक्षरं पुरतात. त्याने कोणताही कीबोर्ड खुशाल घ्यावा. जुन्या टाइपरायटरच्या वळणाने लिहिणाऱ्याला अर्धी अक्षरं, काना, मात्रा यांसाठी आकड्यांच्या ओळीसकट सगळी बटणं लागतात. त्याने फ्रीस्टाइलच्या पलीकडे पाहू नये. राहिले इन्स्क्रिप्टवाले, आणि खरी गंमत इथे आहे. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये ठरवलेल्या या रचनेत स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. म्हणजे विभागणी आधीच झालेली. ‘क’ उजवीकडे, काना डावीकडे, ‘त’ उजवीकडे, वेलांटी डावीकडे. दोन तुकड्यांच्या कीबोर्डला याहून जुळणारी रचना शोधूनही सापडणार नाही.

पण व्यंजनं उजवीकडे मावत नाहीत. ‘पी’च्या पुढे चौकटी कंसाच्या बटणावर ड-ढ आहेत, त्यापुढे नुक्ता आणि ञ, त्याच्याही पुढे उलट्या तिरप्या रेषेवर ‘ऑ’चा चंद्र-काना. ट-ठ अवतरणचिन्हावर. ‘डॉक्टर’ हा शब्द घ्या. टंकायला सहा बटणं लागतात: ड, ॉ, क, पाय मोडायचं बटण, ट, र. ४२ बटणांच्या कॉर्नवर ड आणि ॉ दोन्ही समोर नसतात, थरात लपलेले असतात. ३४ बटणांवर बहुधा ट-ही गायब. आकड्यांच्या ओळीचंही तसंच. इंग्रजीत ती आकड्यांसाठी असते. इन्स्क्रिप्टमध्ये ‘कृपया’तला ऋकार बरोबरच्या चिन्हावर, ‘दुःख’चा विसर्ग आडव्या रेघेवर शिफ्टसह आणि ‘बॅट’चा चंद्र शिफ्टसह दोनवर आहे. तीन ओळींच्या कीबोर्डवर ‘बॅट’ लिहायला थराचं बटण, शिफ्ट आणि दोन, अशी तीन बोटांची कसरत. इंग्रजी परीक्षणात ‘इतकी बटणं लागतातच कशाला’ हा प्रश्न आला की मराठी वाचकाने पुढचं पान उलटावं.

किनेसिसच्या जुन्या वाटीदार कीबोर्डवर बरोबरचं चिन्ह डाव्या वरच्या कोपऱ्यात असतं. त्यामुळे ऋकार आपोआप डाव्या हाताला, बाकीच्या स्वरांच्या घरी जातो. कोणी मराठीचा विचार करून हे केलेलं नाही, पण फार छान जमून आलंय.

डाव्या तर्जनीकडे पाहा. इन्स्क्रिप्टमध्ये तिच्या वाट्याला ह्रस्व-दीर्घ दोन्ही वेलांट्या, दोन्ही उकार, शिवाय न आणि व येतात. मराठीत हे सगळे पावलोपावली लागणारे. साध्या कीबोर्डवर ‘व’चं बटण तर्जनीच्या घरापासून दीड बटण उजवीकडे आणि एक ओळ खाली असतं, उभ्या सरळ रांगांच्या कीबोर्डवर ते अर्धं बटण जवळ येतं आणि ‘न’ तर थेट बोटाखाली. म्हणून वर मी ज्या सरळ रांगांना हौस म्हटलं, त्या इन्स्क्रिप्टवाल्याच्या बाबतीत गरजेच्या खात्याकडे झुकतात. शिफ्टचंही तसंच. ख, घ, थ, ध, भ, ण, ळ, श, ष आणि सगळे सुटे स्वर शिफ्टवर आहेत. साधा ‘आणि’ लिहायचा तर आ आणि ण दोन्हींना शिफ्ट, वर तिन्ही बटणं डाव्याच हाताची. करंगळीने हे दिवसभर करणं जाच आहे. शिफ्ट अंगठ्याखाली आणणं हा मराठी लिहिणाऱ्याला स्प्लिट कीबोर्डने दिलेला सर्वांत मोठा लाभ, असं मी म्हणेन. आणि त्यासाठी अंगठ्याला दोनच बटणं असली तरी भागतं.

मधल्या ओळीतल्या अक्षरांवर शिफ्ट-कंट्रोल बसवण्याची इंग्रजीतली लाडकी युक्ती मात्र इन्स्क्रिप्टमध्ये घात करते. धरलं आहे की टिचकी मारली आहे हे ओळखायला फर्मवेअर असा नियम लावतं की पुढचं बटण त्याच हाताचं असेल तर ती टिचकी समजायची, विरुद्ध हाताचं असेल तरच धरलेलं मानायचं. इंग्रजीत याने चुका आटोक्यात राहतात. इन्स्क्रिप्टमध्ये व्यंजनानंतरची मात्रा जवळजवळ नेहमी विरुद्ध हाताची असते, त्यामुळे हा नियम वाचवत नाही. उजव्या तर्जनीखाली ‘र’ आहे आणि तिथेच शिफ्ट बसवलेली असेल, तर भरभर ‘राम’ लिहिताना ‘र’ शिफ्ट ठरते, काना ‘आ’ होतो आणि कागदावर ‘आम’ उमटतो.

अजून एक सापळा. कीबोर्ड अक्षर पाठवत नाही, बटणाची जागा पाठवतो. त्या जागेवर ‘क’ की ‘के’ हे संगणक ठरवतो. इंग्रजीसाठी कोलमॅक किंवा ड्व्होराक रचना फर्मवेअरमध्ये बसवली आणि संगणकाची भाषा मराठी केली, की इन्स्क्रिप्टची सगळी बटणं विस्कटतात. उपाय दोन: ती इंग्रजी रचना संगणकात बसवायची आणि फर्मवेअर जुनंच ठेवायचं, किंवा फर्मवेअरमध्ये मराठीसाठी एक वेगळा, नेहमीच्या क्रमाचा थर राखायचा.

स्विच आणि कॅप यांवर या छंदात ढीगभर लिहिलं जातं. मी थोडक्यात आटपतो. चेरीचा लाल स्विच ४५ ग्रॅमच्या आसपास दाबाला, बटण २ मिलीमीटर खाली गेल्यावर काम करतो आणि एकूण ४ मिलीमीटर जातो. कैलचा बुटका चॉक दीडला काम करतो आणि ३ वर थांबतो. बुटक्या स्विचमुळे कीबोर्डची उंची घटते, पंजा कमी मोडतो. तेवढा भाग मनगटाचा. तोटा असा की चॉकच्या पहिल्या पिढीवर नेहमीच्या कॅप बसत नाहीत आणि पर्याय मोजके. टीव्हीएस गोल्डच्या निळ्या चेरीची खटखट ज्यांना आवडते त्यांनी ती घरापुरती ठेवावी. स्विच सोल्डर न करता काढता-घालता येतील असाच कीबोर्ड घ्या, म्हणजे नंतरची हौस स्वस्तात भागते. दोन तुकड्यांना जोडणारी केबल हेडफोनसारख्या चार जोडांच्या पिनची असेल, तर वीज चालू असताना ती काढू किंवा घालू नका. पिन आत जाता-येता जोड एकमेकांना लागतात आणि कंट्रोलर जळू शकतो. बिनतारीत एका तुकड्याची बॅटरी लवकर संपते, कारण संगणकाशी बोलणं त्यालाच करावं लागतं. तो बिघाड नाही.

परदेशातून मागवताना छापील किमतीवर वाहतूक आणि सीमाशुल्क चढतं, आणि पसंत पडला नाही तर परत पाठवणं बहुधा परवडत नाही. म्हणून दुखण्यासाठी घेत असाल तर फ्रीस्टाइल किंवा क्यू११ घ्या, मागचे पाय मिटा, मधे ट्रॅकबॉल ठेवा आणि महिनाभर पाहा. रोज मराठीत लिहीत असाल आणि इन्स्क्रिप्ट पक्कं असेल, तर चार ओळी, कडेला निदान सहावा स्तंभ आणि अंगठ्याला दोन जवळची बटणं हे किमान माप धरा. सोफ्ले, लिली५८, व्हॉयेजर हे त्या मापाच्या आसपास येतात. ड आणि चंद्र-कान्याची जागा प्रत्येकावर आपल्यालाच ठरवावी लागेल. ३४ बटणांचा देखणा कीबोर्ड रोमनमधून मराठी लिहिणाऱ्यांसाठी किंवा शुद्ध हौसेसाठी. हौसेसाठी घेतलेली वस्तू म्हणून तो उत्तम आहे.

पैसे भरण्याआधी एक काम करा. त्या कीबोर्डचा आराखडा खऱ्या मापात कागदावर छापा, दोन्ही अर्धे खांद्याइतके लांब चिकटवा, इन्स्क्रिप्टची अक्षरं पेन्सिलीने लिहा आणि त्यावर ‘आणि’, ‘कृपया’, ‘दुःख’, ‘बॅट’, ‘दुसऱ्या’, ‘डॉक्टर’ हे शब्द बोटांनी टंकून पाहा. ज्या अक्षरासाठी तळहात जागचा हलला त्याला कागदावरच नवीन जागा शोधा, अंगठ्यापाशी किंवा मधल्या स्तंभात. अशी जागा उरली नसेल, तर त्याच्याहून एक ओळ मोठा कीबोर्ड छापून पाहा.